तार आत गेलीच होती

“मॅडम, तार आत गेलीच होती ना? मग राहिलेल्या दोन नसा तशाच का सोडल्या?” अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने हे विचारले, तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचे होते. तिचे वडील, ज्यांना घरातले सगळे अण्णा म्हणत, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या छातीत जळजळत होते. ते पित्त समजून त्यांनी सोडा घेतला, रात्री थंड दूध घेतले, आणि पहाटे न्हाणीघरातून बाहेर येताना जे खाली बसले ते उठलेच नाहीत. कासारवडवलीहून घोडबंदर रस्त्याने त्यांना आणेपर्यंत हातपाय गार पडले होते. अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. डॉक्टरांनी हृदयाच्या पुढच्या बाजूची, पूर्ण बंद झालेली मोठी नस तारेवरून फुगा घालून उघडली, तिथे स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवला आणि बाकीच्या दोन नसांना हात न लावता त्यांना वर पाठवले. मुलीचा भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “प्लंबर एकदा घरी आला की आपण सगळेच नळ दाखवून घेतो. इथे तर माणसाचा जीव आहे, मॅडम.”

ठाण्यातल्या एका रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. जन आरोग्य योजनेचे अर्ज भरून घेणे, रेशन कार्डावरचे नाव आधारशी जुळत नसेल तर त्यातून वाट काढणे, पैशांची सोय कुठून होईल ते पाहणे आणि डॉक्टर सांगून गेल्यानंतर नातेवाइकांना पुन्हा सावकाश सांगणे, हे माझे काम. स्टेंटबद्दलच्या तक्रारी मला नव्या नाहीत. पण त्या बहुधा उलट्या असतात. एकाची गरज असताना दोन टाकले, साध्याऐवजी महागडा टाकला, असा संशय घेऊन माणसे येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली आणि औषधाचा लेप असलेला स्टेंट तेव्हा तीस हजारांच्या आत आला, तरी तो संशय पुरता गेलेला नाही, आणि तो नेहमीच निराधार असतो असेही मी म्हणणार नाही. या मुलीचा प्रश्न मात्र जास्त केल्याचा नव्हता, कमी केल्याचा होता. इतक्या गंभीर माणसावर कमी उपचार करणे हाच चांगला उपचार कसा असू शकतो, याचे उत्तर मी तिला दिले खरे, पण बोलताना माझे शब्द मलाच पाठ केल्यासारखे वाटत राहिले. त्या रात्री घरी गेल्यावरही तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

हृदयविकाराचा झटका आलेल्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जण या अवस्थेला पोहोचतात, ज्याला डॉक्टर ‘कार्डिओजेनिक शॉक’ म्हणतात. हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग एकाएकी रक्तावाचून पडतो, उरलेल्या स्नायूला शरीराची गरज भागेल एवढे रक्त पुढे ढकलता येत नाही, वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली जातो आणि तिथेच राहतो, किंवा औषधांचा ठिबक लावूनच तो कसाबसा वर धरावा लागतो. पुस्तकात हे एवढेच लिहिलेले असते. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी मला मॉनिटरकडे बघण्याआधी चादर जरा बाजूला करून गुडघे बघायला शिकवले. शॉकमधल्या रुग्णाच्या गुडघ्यांवर जांभळट, जाळीदार डाग उमटतात, त्वचा ओलसर आणि गार लागते, आणि तो गारवा पावलांपासून पोटरीपर्यंत, पोटरीपासून मांडीपर्यंत चढत गेलेला हाताला कळतो. शरीर मेंदू आणि हृदय यांच्यासाठी रक्त राखून ठेवते आणि बाकीच्यांचा वाटा कमी करत जाते. त्यात मूत्रपिंडांचा नंबर फार लवकर लागतो. म्हणून पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीवर, तिच्या वरच्या बाजूला असलेल्या छोट्या मोजपात्रावर, सगळ्यांची नजर असते. तासाला तीस मिलीच्या खाली आकडा गेला की सिस्टर डॉक्टरांना कळवतात. अण्णांची मुलगी दुसऱ्याच दिवशी हे शिकली. भेटीच्या वेळेत आत सोडल्यावर ती वडिलांच्या चेहऱ्याकडे जाण्याआधी खाली वाकून ते मोजपात्र बघत असे, आणि बाहेर येऊन भावाला आधी तो आकडा सांगत असे.

या अवस्थेचे सगळ्यात क्रूर वैशिष्ट्य असे, की ती स्वतःच स्वतःला वाढवत नेते. हृदयाला स्वतःचे रक्त मुख्यतः ते सैल पडते त्या क्षणांत, त्याच्याच दाबाने उभ्या राहिलेल्या प्रवाहातून मिळते. दाब पडला की तो प्रवाह मंदावतो, प्रवाह मंदावला की आणखी स्नायू निकामी होतो आणि दाब आणखी पडतो. त्यातच ज्या दोन नसा आधीपासून सत्तर-ऐंशी टक्के अरुंद आहेत, त्यांच्या पलीकडचा स्नायूही उपाशी राहू लागतो. शॉकमध्ये गेलेल्या बहुतेक रुग्णांना एकापेक्षा अधिक नसांचा आजार असतोच. या चक्रात प्रत्येक तासाला किंमत आहे. ठाण्यात ती किंमत मोजताना मला दोन गोष्टी सतत डाचतात: एक म्हणजे माजिवडा आणि कापूरबावडीच्या कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका, आणि दुसरी म्हणजे त्याही आधी घरात पित्त समजून घालवलेली आख्खी रात्र. दुसरी पहिलीपेक्षा पुष्कळ मोठी असते, आणि ती कमी करणे आपल्या हातात असते.

शॉकमध्ये तातडीने नस उघडावी, हे आज कुणाला सांगावे लागत नाही. पण तेही एकेकाळी सिद्ध करावे लागले होते.

अमेरिकेतल्या डॉ. ज्युडिथ हॉकमन यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. झटका येऊन शॉकमध्ये गेलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांची नस अँजिओप्लास्टीने किंवा बायपासने लगेच मोकळी करायची आणि निम्म्यांना आधी औषधांनी स्थिर करायचे, असा तो होता. पाच वर्षांहून अधिक काळात, तीस केंद्रे मिळून, फक्त ३०२ रुग्ण त्यात घेता आले. रुग्ण शुद्धीवर नाही, नातेवाईक हादरलेले आहेत, आणि त्यांना चिठ्ठी काढल्यासारखे कुठल्यातरी एका गटात जायला तयार करायचे आहे. असल्या कामाला किती वेळ लागत असेल, हे माझ्यासारख्या रोज संमतीपत्र हातात घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायला नको. १९९९ मध्ये निकाल आला. पहिल्या तीस दिवसांत तातडीच्या गटात सुमारे ४७ टक्के रुग्ण दगावले आणि औषधांच्या गटात ५६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. संशोधकांनी त्याच रुग्णांचा मागोवा पुढे चालू ठेवला, आणि सहा महिन्यांनी चित्र स्पष्ट झाले: ५० टक्के आणि ६३ टक्के. सहा वर्षांनंतरही पहिल्या गटातले जवळपास एक-तृतीयांश रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले एक-पंचमांश. या आकड्यांकडे बघताना मला दोन गोष्टी एकदम जाणवतात. नस उघडल्याने माणसे वाचतात, आणि नस उघडूनही निम्मी माणसे जातात. नातेवाइकांना पहिले वाक्य ऐकू येते. दुसरे सांगण्याची जबाबदारी कुणी ना कुणी घ्यावीच लागते, आणि ती बहुधा डॉक्टरांच्या नंतर त्या बाकावर बसणाऱ्या माणसाकडे येते.

एकदा एवढे ठरल्यावर पुढचा विचार सरळ होता. एक नस उघडून फायदा होत असेल, तर तिन्ही उघडून अधिक व्हायला हवा; हृदय एवढे संकटात असताना त्याला मिळेल तेवढे रक्त द्यायला हवे. अण्णांच्या मुलाचे म्हणणे याहून वेगळे नव्हते, आणि मला त्या बहीणभावांना मनापासून सांगावेसे वाटत होते की, तुमचा प्रश्न अडाणी नाही, जगातल्या मोठमोठ्या हृदयरोगतज्ज्ञांनी कित्येक वर्षे असाच विचार केला आहे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, रुग्ण शॉकमध्ये असेल तर त्याच वेळी इतर नसा उघडण्याचा विचार करावा, असे म्हटले होते. पुढच्या दोन-तीन महिन्यांतच जर्मनीतल्या डॉ. होल्गर टीले यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या युरोपीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. ८३ केंद्रे, सातशेच्या आसपास रुग्ण, सगळे शॉकमध्ये, सगळ्यांच्या एकाहून अधिक नसा रोगट. निम्म्यांची फक्त झटक्याला कारण ठरलेली नस उघडली, निम्म्यांच्या शक्य तेवढ्या सगळ्या. तीस दिवसांत पहिल्या गटात ४३ टक्के मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात जवळपास ५२ टक्के. जास्त काम केलेल्या गटात जास्त माणसे गेली. २०१८ च्या सूचनांमध्ये संघटनेने आपला सल्ला उलटा केला: शॉकमध्ये त्याच बैठकीत सगळ्या नसा सरसकट उघडू नयेत.

असे का होत असावे, हे मला कागदावर कधी नीट उमगले नसते. कॅथ लॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या दालनाच्या, काचेमागच्या खोलीत उभे राहण्याची परवानगी मला डॉक्टरांनी एका रात्री दिली, तेव्हा ते उमगले. पलीकडे शिशाचे जड एप्रन घातलेली माणसे टेबलाभोवती उभी होती. बारीक नळीवाटे क्ष-किरणांत दिसणारा द्रव आत सोडला की राखाडी पडद्यावर काळी फांदी उमटे, हृदयाच्या दोन-तीन ठोक्यांपुरती दिसे आणि विरून जाई. प्रत्येक वेळी ती दिसावी म्हणून पुन्हा तो द्रव सोडावा लागतो, आणि तो सगळा शेवटी मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतो, त्याच मूत्रपिंडांतून जी आधीच रक्तावाचून तडफडत असतात. त्या युरोपीय अभ्यासात एकच नस उघडलेल्यांना साधारणपणे १९० मिली द्रव लागला होता, सगळ्या उघडलेल्यांना २५० मिली. शिवाय दुसऱ्या अरुंद नसेत फुगा फुगवायचा म्हणजे ती नस काही सेकंद पूर्ण बंद करायची. धडधाकट हृदय ते सोसते. इथे पडद्याच्या कडेला दाबाची लाल रेघ सत्तरच्या आसपास रेंगाळत होती, आणि त्या काही सेकंदांचा भारही ती पेलेल की नाही हे कुणालाच सांगता आले नसते. मुख्य नस उघडल्यावर डॉक्टर बराच वेळ पडद्यावरच्या दुसऱ्या, बारीक झालेल्या फांदीकडे बघत राहिले. त्यांचा हात तारेवरच होता. मग ते म्हणाले, “बस. आज इथेच थांबू.” ज्या हातांना हे काम येते, त्यांना ते न करता हात काढून घेणे किती जड जात असेल, हे मला त्या रात्री प्रथम दिसले. तेव्हापासून ‘अर्धवट काम’ हा शब्द ऐकला की मला तारेवर रेंगाळलेला तो हात आठवतो.

चौथ्या दिवशी अण्णा गेले.

डायलिसिस सुरू करावे लागले होते, रक्तदाबाची औषधे वाढवूनही उपयोग होत नव्हता. कागदपत्रांसाठी मुलगी पुन्हा माझ्याकडे आली, आणि काम संपल्यावरही उठेना. तिला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा आहे हे मला कळत होते. मी एका कोऱ्या कागदावर दोन आकडे लिहिले, ४३ आणि ५२, आणि शंभर-शंभर माणसांचा तो हिशेब तिला समजावून सांगितला. तिने तो लक्ष देऊन ऐकला. मग तिने विचारले, “आणि अण्णा कुठल्या शंभरांत होते?” या प्रश्नाला उत्तर नाही. अभ्यास शंभरांबद्दल बोलतो, आणि बाकावर बसलेल्याचे आपले माणूस एकच असते. उरलेल्या दोन नसा उघडल्या असत्या तर अण्णा वाचले असते की त्याच टेबलावर गेले असते, हे कुठलाही अभ्यास तिला सांगणार नाही. डॉक्टरांचा निर्णय योग्य होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि योग्य निर्णयानंतर आलेल्या मृत्यूने तिचे दुःख हलके होईल, असेही मला वाटत नाही. या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी मनात बाळगून आहे.

नातेवाइकांचा गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्या सोसायटीतल्या, चाळीतल्या कुणाला तरी झटका आलेला असतो, त्याच्या तिन्ही नसा उघडलेल्या असतात, आणि तो सकाळी उपवनच्या तलावाभोवती फेऱ्या मारत असतो. तेही खोटे नसते. झटका आला पण रक्तदाब टिकून राहिला, अशा रुग्णांत उरलेल्या मोठ्या अडथळ्यांचीही पुढे अँजिओप्लास्टी केल्याने दुसरा झटका आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू मिळून कमी होतात, हे २०१९ च्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात दिसले. म्हणजे आजार एकच, नसा तशाच, आणि रुग्ण शॉकमध्ये आहे की नाही एवढ्यावरून सल्ला बदलतो. शॉकमध्येही हा नियम आंधळा नाही. त्या युरोपीय अभ्यासात एकाच नसेच्या गटात असलेल्या साधारण आठांतल्या एका रुग्णाची दुसरी नसही डॉक्टरांना त्याच वेळी उघडावी लागली होती. नियम माहीत असणे आणि तो कधी मोडायचा हे त्या टेबलापाशी ओळखणे, या दोन्ही गोष्टी डॉक्टरकडे असाव्या लागतात, आणि दुसरी शिकायला वर्षे जातात.

मग यंत्रांची गोष्ट निघते. “मॅडम, पैशांचे आम्ही बघतो, जे मशीन असेल ते लावा,” असे दागिने मोडायला निघालेली माणसे म्हणतात, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो. महाधमनीत फुगा ठेवून हृदयाला आधार देणारा पंप वर्षानुवर्षे सगळीकडे वापरला गेला. २०१२ मध्ये जर्मनीत सहाशे रुग्णांवर त्याची कसोटी लागली तेव्हा मृत्यूंत काहीच फरक पडला नाही. शरीराबाहेर रक्त नेऊन प्राणवायू भरून परत आणणारे मोठे यंत्र २०२३ मध्ये तपासले गेले. तीस दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास टक्क्यांच्या आसपास राहिले आणि रक्तस्राव मात्र दुपटीहून अधिक झाला. २०२४ मध्ये पहिल्यांदा खरी आशा दिसली. डाव्या कप्प्यात बसवायच्या एका बारीक पंपाने सहा महिन्यांतले मृत्यू सुमारे ५९ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आणले. पण तो अभ्यास निवडक रुग्णांवर झाला होता, बेशुद्धच राहिलेल्यांना त्यातून वगळले होते, आणि पंप लावलेल्यांत रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे अशा गुंतागुंती पुष्कळ अधिक झाल्या. त्या पंपाची किंमत कित्येक लाखांत जाते. म्हणून घर विकायला निघालेल्या माणसाला “हे यंत्र तुमच्या रुग्णासाठी नाही” असे डॉक्टर सांगतात, तेव्हा ते पैशांकडे बघून बोलत नाहीत, हे मी त्याच्याजवळ बसून पुन्हा सांगते. आणि ज्याला ते यंत्र उपयोगी पडले असते पण परवडले नाही, त्याच्याजवळ बसणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड बसणे असते. तिथे समजावण्यासारखे काही नसते.

आता शॉकमधला रुग्ण आत जाताना, सही घेण्याच्या वेळीच मी सांगून ठेवते, आणि आमचे डॉक्टरही सांगतात, की तीन अडथळे निघाले तरी आज बहुधा एकच उघडतील. बाकीचे विसरले म्हणून राहणार नाहीत, जाणूनबुजून राखून ठेवले जातील. त्या घाईत किती ऐकले जाते हे मी सांगू शकत नाही. पण नंतर बाकावर बसल्यावर निदान ते वाक्य आधी ऐकलेले असते.

परवा कळव्याचे एक रिक्षाचालक काका आले. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांना याच अवस्थेत आणले होते, त्यांचीही एकच नस उघडली होती, आणि मोजपात्रातले थेंब मोजत त्यांच्या पत्नीने तो सगळा आठवडा काढला होता. ते वाचले. मध्यंतरी जिना चढताना दम लागू लागला, पायांवर सूज आली, पुन्हा दाखल व्हावे लागले. एकच नस उघडलेल्यांना पुढे हे अधिक वेळा सोसावे लागते, हेही त्या युरोपीय अभ्यासाने लपवलेले नाही: वर्षभरात त्यांच्यातल्या जवळपास एक-तृतीयांश रुग्णांवर पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागली, दुसऱ्या गटात दहांतल्या एकावर. काका मला म्हणाले, “तेव्हाच तिन्ही करून टाकल्या असत्या तर आज परत यायला लागलं नसतं, ताई.” मी त्यांना म्हटले, “काका, तेव्हा केल्या असत्या तर आज तुम्ही मला हे विचारायला आला असता की नाही, ते मला माहीत नाही.” ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “बायको पण हेच म्हणते.” मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारा त्यांचा क्रिएटिनिन आता ठीक आहे, रक्तदाब औषधांच्या ठिबकाशिवाय एकशेदहाच्या वर राहतो. गौरी-गणपती उरकल्यावर येतो, असे ते म्हणत होते. दुसरी नस उघडायला डॉक्टरांनी त्यांना सणाच्या आधीची तारीख दिली आहे. तिसरी नस बारीक आहे, ती औषधांवरच ठेवायची असे ठरले आहे. योजनेचा अर्ज मी भरून घेतला. पहिल्या वेळी संमतीपत्रावर त्यांच्या पत्नीने अंगठा दिला होता. या वेळी काका चष्मा लावून ते पत्र स्वतः वाचत बसले, आणि किती द्रव लागेल, तो लघवीवाटे जायला किती दिवस लागतील, हे डॉक्टरांना विचारायचे म्हणून त्यांनी रिक्षाच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून घेतले.